बिल निघतं, पैसे निघत नाहीत : लहान कारखान्याचं भांडवल नेमकं कुठे अडकतं?

लेथवाला

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं), वडिलांच्या वेळचे दोन लेथ आणि नऊ माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग विकत घ्यायचं, मशीनिंग करून ट्रॅक्टरचे पार्ट पुढे मोठ्या कंपनीला द्यायचे, असा धंदा. कामाला तोटा नाही. तरी गेल्या सात तारखेला पगार करायला हिच्या पाटल्या ठेवून सोनेतारण घ्यावं लागलं. त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितोय.

महिन्याची विक्री साधारण १२ लाख. पर्चेस ऑर्डरवर पेमेंटची मुदत ७५ दिवस. पण हे ७५ दिवस माझ्या बिलाच्या तारखेपासून मोजतच नाहीत. माल २ तारखेला पोचला तरी मोजणी सुरू महिनाअखेरीपासून. त्यानंतर पैसे सोडायचे दिवस महिन्यातून दोनच. एखादा दिवस हुकला की पुढच्या फेरीला. सरासरी काढली तर हातात पैसे यायला १०० दिवस लागतात. म्हणजे कुठल्याही दिवशी माझे ४० लाख रुपये त्या कंपनीकडे असतात. बिनव्याजी.

इकडे फाउंड्रीवाला ३० दिवसांत पैसे मागतो. त्याचंही चूक नाही, त्याला स्क्रॅप आणि पिग आयर्न रोखीत घ्यावं लागतं. लाइट बिल थांबत नाही. जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत.

बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, आहे २५ लाखांची. तिथे आणखी एक गंमत, नव्हे, पाचर आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावर बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ते, काढते. ९० दिवसांवरची येणी त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाने उशीर केला की ते बिल यादीतून गळतं आणि माझी उचल कमी होते. पैशाची गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच.

हेच पैसे ४५ दिवसांत आले असते तर अडकले असते १८ लाख. मोकळे झाले असते २२ लाख. शेजारच्या शेडमध्ये एक वापरलेली व्हीएमसी विकायला होती, तिचं मार्जिन, म्हणजे कर्जासोबत घालायचा स्वतःचा वाटा, भरून मी ती घेतली असती आणि आयटीआयची दोन पोरं कामावर ठेवली असती. ती पोरं मला विचारून गेली होती. नाही म्हणालो.

सरकार, बँका, पेपर सगळे 'लघुउद्योगाला कर्ज द्या' म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मला नवं कर्ज नंतर द्या, आधी माझे पैसे मला वेळेवर मिळू द्यात. तुमचे अनुभव सांगा.

---

खर्चीवाला

दादा, इचलकरंजीहून वाचतोय. आमच्याकडे हेच, फक्त पायरी आणखी खालची.

मी खर्चीवाला. म्हणजे सूत माझं नाही, कापडही माझं नाही. ट्रेडिंगवाला बीम (सूत गुंडाळलेले रूळ) देतो, मी विणून देतो, पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी मिळते. मजुरीचं बिल दोन-अडीच महिन्यांनी. कामगाराचा पगार मात्र दर आठवड्याला. शनिवार चुकला तर सोमवारी माग बंद, कारण तो शेजारच्या कारखान्यात लागलेला असतो.

बँकेत गेलो तर पहिला प्रश्न, 'विक्री किती?' मी काय सांगू? कापड मी विकतच नाही. मजुरीची उलाढाल कागदावर एवढीशी दिसते, तेवढ्यावर काय मिळणार. म्हणून आमचं भांडवल म्हणजे भिशी. वीस जण, महिना दहा हजार, लिलावाची. ज्याला नड आहे तो तोडून, म्हणजे कमी रकमेवर, घेतो. मार्चमध्ये दोन लाखांची भिशी मी १ लाख ६२ हजाराला उचलली. तोडले ३८ हजार. त्याचं व्याज काढायला बसलो नाही, झोप उडाली असती.

आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज गावात लाखाच्या वर माग आहेत, पण बरेचसे अजून साधेच. रॅपिअर किंवा एअरजेट असा नव्या पद्धतीचा माग घ्यायचा तर लाखांत मार्जिन लागतं, आणि ज्याचं मार्जिन भिशीत तुटतं तो कसला रॅपिअर घेणार?

---

शाखेतला माणूस

मी सरकारी बँकेत ३४ वर्षं होतो, त्यातली ११ शाखाधिकारी म्हणून. आता निवृत्त. बँकेची बाजूही मांडतो, आणि चुकाही.

लेथवाले, तुमची सीसी २५ लाखांच्या आसपासच का, ते सांगतो. लहान उद्योगाला खेळतं भांडवल मोजायचा आपला नियम नायक समितीचा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. पुढच्या वर्षी अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुम्ही घालायचे. या २५ टक्क्यांच्या मागे गृहीत काय? कच्चा माल घेण्यापासून पैसे हातात येईपर्यंतचं चक्र तीन महिन्यांत पुरं होतं, वर्षात चार वेळा फिरतं. तुमची उलाढाल १ कोटी ४४ लाख, २० टक्के म्हणजे २८ लाख ८० हजार. पण तुमच्या येण्यांनाच १०० दिवस. त्याआधी कास्टिंग पडून राहिलेले दिवस, मशीनवरचे दिवस वेगळे. म्हणजे नियम पाळूनही बँकेचा पैसा तुम्हाला पुरत नाही. फरक सोनं, भिशी, पाहुणे यांच्याकडून भरला जातो. हे मी शेकडो खात्यांत पाहिलंय.

आता आमच्या चुका. रिझर्व्ह बँकेने २०१० साली स्पष्ट सांगितलं की सूक्ष्म-लघु उद्योगाला १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही. २००० सालापासून अशा विनातारण कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी न्यासाची हमी आहे. तिची मर्यादा २०२३ मध्ये ५ कोटी झाली आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटी. तरी शाखेत माणूस आला की आम्ही घराचा उतारा मागायचो. का? कर्ज बुडालं की चौकशी अधिकाऱ्याची होते. कर्ज नाकारलं म्हणून कोणाची चौकशी झालेली मी पाहिली नाही. हमीची रक्कम मागायची प्रक्रिया लांब, त्यापेक्षा घर गहाण बरं, अशी मनाची सवय झाली. शिवाय पाच लाखांच्या प्रकरणाला जेवढे कागद, जवळपास तेवढेच पन्नास लाखांच्या.

आणि गिऱ्हाइकाची चूक. कर वाचवायला विवरणपत्रात तीन लाख उत्पन्न दाखवायचं आणि मग तीस लाख मागायचे. मी कशाच्या जोरावर देणार होतो? जीएसटी आल्यापासून यात फरक पडलाय. विक्री आता विवरणपत्रांत सरळ दिसते.

---

काजूगर

मी सावंतवाडीजवळून लिहितेय. माझं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, चौदा बायका कामाला. आमची अडचण येण्यांची कमी आणि वेळेची जास्त.

काजू बी मार्च ते मे एवढंच मिळतं. वर्षभराचा माल त्या तीन महिन्यांत उचलून, वाळवून, गोणीत भरून ठेवायचा. शेतकऱ्याला पैसे जागेवर रोख. गेल्या वर्षी मला २० टन बी हवं होतं, भाव किलोला ११५ धरला तर २३ लाख. अर्ज जानेवारीत दिला. मंजुरीचं पत्र हातात आलं ९ जूनला. तोवर पाऊस सुरू, चांगलं बी व्यापाऱ्यांच्या गोदामात, आणि भाव त्यांचा. उसनवारी करून मी मे अखेरपर्यंत ८ टन भरलं होतं, त्यावरच वर्ष काढलं.

८ टनांचा गर झाला दोन टनांच्या थोडा वर. डिसेंबरमध्ये बी संपलं. जानेवारी-फेब्रुवारीत चौदा जणी घरी. चिकाने हाताची कातडी जाते म्हणून या बायका बोटांना तेल आणि राख चोळून बसतात. एवढं सोसून मिळणारी मजुरीही दोन महिने गेली, ती केवळ एक सही उशिरा झाली म्हणून.

कर्ज नाकारलं असतं तरी एक वेळ समजले असते. हो म्हणून उशिरा देणं जास्त महागात पडलं, कारण मंजुरी येतेय या भरवशावर मी दुसरीकडे फारसे हातपाय हलवले नाहीत.

---

पाटीपेन्सिल

मी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. 'लहानांना कर्ज दिल्याने देश खरंच वाढतो का' यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला होता, त्यातलं थोडं सांगते.

ढोबळ आकडे आधी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग ६ कोटी ३४ लाखांच्या आसपास भरले, त्यात माणसं ११ कोटींवर. यातले ९९ टक्के सूक्ष्म. देशाच्या उत्पन्नात वाटा ३० टक्क्यांच्या आसपास, निर्यातीत ४५ टक्क्यांच्या. यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्ये या क्षेत्राला कमी पडणारं कर्ज २० ते २५ लाख कोटी रुपयांचं धरलं होतं.

पण खरा प्रश्न असा, की जास्त कर्ज मिळालं तर हे उद्योग उत्पादन वाढवतात की महागडं कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतात? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी हे आपल्याच देशात तपासलं. १९९८ मध्ये लघुउद्योगाची गुंतवणूक-मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटींवर नेली, त्यामुळे काही कारखाने अचानक अग्रक्रम कर्जाच्या, म्हणजे बँकांना ठरावीक प्रमाणात द्यावंच लागतं त्या कर्जाच्या, कक्षेत आले. २००० मध्ये ती १ कोटीवर आणली, तेव्हा काही बाहेर पडले. कक्षेत आलेल्यांची विक्री आणि नफा दोन्ही वाढले. कर्ज अदलाबदलीत गेलं नाही, धंद्यात गेलं. म्हणजे या लोकांकडे काम होतं, पैसा नव्हता. लेथवाले काकांची न घेतलेली व्हीएमसी हीच गोष्ट सांगते.

---

सरळरेघ

मला हे सगळं एकांगी वाटतंय. वाईट वाटून घेऊ नका.

देश श्रीमंत होतो तो लहान कारखाने मोठे झाल्यामुळे, लहानच राहिल्यामुळे नाही. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपट माणसं कामाला ठेवतो. हे चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनो यांनी दाखवलंय. भारतात टिकलेला कारखाना वय वाढलं तरी फारसा वाढत नाही. मग स्वस्त कर्ज, हमी, सवलत देऊन आपण लहानपणच पोसत नाही का? मुद्रा योजनेत ५० हजारांचं शिशू कर्ज घेतलेला किती पुढे जातो? आमच्या गल्लीत त्याच कर्जातून फ्रिज आला.

---

लेथवाला

सरळरेघ, तुमचा प्रश्न खरा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

माझे वडील १९८६ साली एका लेथवर सुरू झाले. मी ३९ वर्षांत नऊ माणसांवर आलो. तुम्ही म्हणता तसाच, न वाढलेला. पण का, ते माझ्या वह्यांत दिसतं. ज्या ज्या वर्षी ऑर्डर वाढली, त्या त्या वर्षी मी अडचणीत आलो. ऑर्डर दुप्पट म्हणजे अडकणारे पैसे दुप्पट. २०११ मध्ये एक मोठी ऑर्डर मी स्वतः सोडून दिली, कारण पहिले चार महिने कास्टिंगचे पैसे कुठून भरू हे कळेना. फायद्याचं काम होतं ते. वाढायला ऐपत लागते, आणि माझी ऐपत गिऱ्हाइकाच्या खात्यात पडून असते. लहान राहण्याची हौस कोणाला आहे?

फ्रिजचं म्हणाल तर मी त्या माणसाची बाजू घेणार नाही. धंद्याचे पैसे धंद्यातच लागले पाहिजेत.

---

औंधकर

एक जुनी आठवण. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर करणारा माणूस आधीच कसलेला होता. त्याला जागा आणि भांडवल नेमक्या वेळी मिळालं. काजूगर ताईंचं वाचून हेच आठवलं.

---

जमाखर्च

मी सीए आहे, सांगलीत. लेथवाले, तुमच्या पर्चेस ऑर्डरवरचे ७५ दिवस कायद्यात बसतच नाहीत.

सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही, करार नसेल तर १५ दिवस. मोजणी माल स्वीकारल्यापासून. १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. महिनाअखेर वगैरे त्यांची सोय. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज, आणि ते व्याज देणाऱ्याला करात वजा मिळत नाही. असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद, मात्र हवी, आणि ती पुरवठ्याच्या आधीची असलेली बरी.

आता तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर ऑर्डर जाईल. बरोबर. माझ्या अशिलांपैकी तक्रार केली ती बहुतेक त्या गिऱ्हाइकाशी संबंध संपल्यावरच.

म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म-लघु उत्पादकाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळेल. तक्रार न करता दबाव येतो, कल्पना चांगली. पण एक भोक राहिलं. जूनचं बिल मार्चमध्ये दिलं तरी खर्च त्याच वर्षात वजा मिळतो. म्हणजे दबाव वर्षातून एकदाच.

---

लेथवाला

अगदी हेच! मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझी सगळी जुनी बिलं एकदम जमा झाली. मला वाटलं, बदललं सगळं. एप्रिलपासून परत शंभर दिवस. आत्ता कळलं का ते.

---

खर्चीवाला

आमच्याकडे त्या वर्षी उलटंच ऐकू आलं. दोन व्यापाऱ्यांनी सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द कर, नाहीतर बीम दुसरीकडे जातील. माझ्या ओळखीत एकाने केलीही रद्द. मी केली नाही, पण महिनाभर चार माग उभे होते.

---

र्‍हाइनकाठ

मी मूळचा कागलचा, आता जर्मनीत कोलोनजवळ एका पन्नास माणसांच्या टूलरूममध्ये नोकरीला. आमच्या मालकाचं कर्ज गावातल्या श्पारकासं या बचत बँकेचं. ती बँक आपल्या जिल्ह्याबाहेर धंदा करत नाही. त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याला कारखाना आतून माहीत असतो. नवी मशीन घ्यायची तर केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचा पैसा येतो, पण थेट नाही, त्याच गावच्या बँकेतून. ही केएफडब्ल्यू १९४८ ची, युद्धानंतर देश उभा करायला काढलेली. उशिराच्या पेमेंटवर युरोपचा २०११ चा नियम आहे. सरकारी खात्यांनी साधारण ३० दिवसांत द्यायचं, कंपन्यांनी ६० दिवसांत.

वाचताना वाटत होतं, कोल्हापूर-सांगलीत नागरी सहकारी बँका आणि पतपेढ्या आहेतच की. गाव ओळखणारा माणूस त्यांच्याकडे आहे. पिग्मी गोळा करणाऱ्याला कुठलं दुकान चालतं, कुठलं नाही, हे रोज दिसतं.

---

शाखेतला माणूस

र्‍हाइनकाठ, ओळखीचा फायदा आहे तसा तोटाही आहे. ज्या सहकारी बँका बुडाल्या त्यांतल्या कितीतरी ओळखीच्याच कर्जांनी बुडाल्या. गावच्या बँकेला कडक तपासणीची जोड हवी.

लेथवाले, तुमच्यासाठी ट्रेड्स हे बिलांचं ऑनलाइन पोर्टल बघा. २०१७ पासून चालू आहे. तुमचं बिल पोर्टलवर चढतं, कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात, दोन-चार दिवसांत पैसे तुमच्या खात्यात. मुदत संपली की कंपनी बँकेला देते. दर तुमची पत बघून नाही, कंपनीची पत बघून ठरतो, म्हणून स्वस्त. आणि कंपनीने बुडवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. अडचण एवढीच, की नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं सक्तीचं नाही. मागावं लागतं.

---

लेथवाला

मंडळी, दीड महिन्याने येतोय.

एकट्याने मागायची हिंमत नव्हती. त्याच कंपनीला माल देणारे आम्ही पाच जण चहाला बसलो आणि एकत्र पत्र दिलं. तक्रारीचा शब्द नाही, फक्त एवढंच, की तुमची नोंदणी आहे, आमची बिलं ट्रेड्सवर मान्य करा, तुम्हाला पैसे द्यायचे त्या तारखेलाच द्या. दोन आठवडे काही नाही. मग अकाउंट्समधून फोन आला.

पहिलं बिल ३ लाख ८६ हजारांचं. गुरुवारी मान्य झालं, सोमवारी दुपारी पैसे जमा. ८० दिवसांचे साडेआठ टक्क्यांनी साधारण ७,२०० कापले गेले. सीसीवर तेवढ्या दिवसांचे ९,३०० गेले असते, आणि सीसी तर भरलेलीच असते. खरं तर हे ७,२०० सुद्धा माझे जायला नकोत, उशीर त्यांचा आहे. पण मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी मशीन थांबवून बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यांच्या एकाच प्लांटने हे मान्य केलंय. दुसऱ्या प्लांटचं, म्हणजे माझ्या निम्म्या मालाचं, अजून तेच शंभर दिवस. ती व्हीएमसी दुसऱ्याने नेली. आयटीआयच्या पोरांपैकी एकाला बोलावलंय, एक तारखेपासून येईल.

---

काजूगर

वाचून फार बरं वाटलं, दादा.

शाखेतले काका, मला एक विचारायचंय. यंदा परत तसं होऊ नये म्हणून अर्ज कधी द्यावा?

---

शाखेतला माणूस

ताई, जानेवारी उशिरा होतो. मार्च आला की शाखा वर्षअखेरीच्या वसुलीत बुडते, तुमचं प्रकरण तिथेच अडकलं असणार. नोव्हेंबरात द्या. अर्जात 'हंगामी मर्यादा, उचल १ मार्च ते ३१ मे' असं ठळक लिहा. मागच्या दोन वर्षांची बी खरेदीची महिनावार यादी जोडा, म्हणजे पैसा तीन महिन्यांतच का लागतो ते वर बसलेल्याला न सांगता दिसेल. आणि त्या दोन महिन्यांत काम बंद पडलं, किती मजुरी बुडाली, तेही एका ओळीत लिहा. पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून.

---

काजूगर

मजुरीची वही आहे माझ्याकडे, चौदाही जणींची. दिवाळी झाली की सगळं घेऊन जाते.